नांदगावकर, पण नक्की कुठल्या नांदगावचे?

माळव्यातला_मन्या

नमस्कार मंडळी, हा धागा काढू काढू म्हणत दोन वर्षं गेली कारण विषय निघाला की घरचेच हसतात. आमचं आडनाव नांदगावकर. आम्ही इंदूरचे, निदान पाच पिढ्या तरी, आणि मी नोकरीपायी गेली अकरा वर्षं पुण्यात. इंदुरात कधी कोणी विचारलं नाही, पण इथं आल्यापासून नाव सांगितलं की समोरचा लगेच 'कुठलं हो तुमचं नांदगाव?' आणि माझी बोलती बंद. नकाशा उघडून बसलो तर नाशिक जिल्ह्यात नांदगाव, रायगडात मुरूडजवळ नांदगाव, सिंधुदुर्गात कणकवलीजवळ नांदगाव, अमरावती जिल्ह्यात तर नांदगाव खंडेश्वर आणि नांदगाव पेठ असे दोन, बारकीसारकी मोजलीच नाहीत.

आजोबा छातीठोक सांगायचे की आपण मूळचे कोकणातले. पण मग कुलदैवत खंडोबा कसा? घरात मासे कोणी खात नाही (म्हणजे मटण चालतं, मासे नाही, हे कोकणातलं घराणं??). आत्या म्हणते आपल्याकडे तळी उचलताना बाणाईचा (खंडोबाच्या दुसऱ्या बायकोचा) नैवेद्य वेगळा काढतात, तसा इंदुरात दुसऱ्या कोणाकडे तिने बघितला नाही. शिवाय देव्हाऱ्यामागे पत्र्याच्या नळीत एक मोडी कागद आहे, त्याला घरात 'सनद' म्हणतात आणि दसऱ्याला हळदकुंकू वाहतात. वाचलेला कोणीच नाही.

कुठून सुरुवात करू? वंशावळ वगैरे छापायची नाही, फक्त त्या प्रश्नाला एकदा उत्तर द्यायचंय.

चिंचपोकळी

मुरूडचं असणार डोळे झाकून. ग्रहलाघव लिहिणारे गणेश दैवज्ञ त्याच नांदगावचे, शके १४४२ चा ग्रंथ आहे, म्हणजे गाव जुनं आणि नावाजलेलं. आजोबा सांगतायत कोकण तर कोकण, म्हाताऱ्या माणसांना काय खोटं बोलून मिळणार.

खेडूत_नं_१

@चिंचपोकळी गाव नावाजलेलं म्हणून हे तिथले? असं असेल तर मी पैठणचा.

दफ्तरदार

धागाकर्ते, सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग पुढचा गोंधळ निम्मा होईल. 'कर' लागलेलं आडनाव गाव सोडल्यावर लागतं. नांदगावात राहणाऱ्याला नांदगावकर म्हणून काय उपयोग, तिथं सगळेच नांदगावचे. तिथं तो पाटील, चौगुला, कुंभार, अमक्याचा तमका, किंवा कुळाच्या नावाने शिंदे-जाधव. तो पाच-पंचवीस कोसांवर जाऊन राहिला की तिथले लोक विचारतात हा कोण, तर नांदगावकडचा. म्हणजे तुमच्या आडनावाने पत्ता सांगितलाय तो निघाल्याचा, मुळाचा नाही. आणि निघणं एकदाच झालं असेल असंही नाही. दुर्गादेवीचा दुष्काळ (१३९६ पासून पुढे दहाबारा वर्षं) घ्या, १६३० चा घ्या, गावंच्या गावं उठून गेली. तेव्हा नांदगावच्या आधी कुठे होते हा प्रश्न उरतोच.

तुमचे जुने धनीच बघा की. होळकर हे आडनाव नीरेकाठच्या होळ गावावरून. मल्हाररावांनी माळवा मिळवला, १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली, पण आडनावात होळ ते होळच राहिलं.

मोडी कागदाचा फोटो टाका. उजेडात, सपाट ठेवून, फ्लॅश न मारता. आणि सनद वगैरे काही म्हणत असतील तर फार आशा ठेवू नका, दहातल्या नऊ 'सनदा' भलत्याच निघतात.

बाळबोध

दफ्तरदारांशी सहमत. पण उलटं उदाहरणही द्यावंसं वाटतं, माणूस ज्या मुलखात गेला त्याचं नाव लागलेलं. गोविंदपंत बुंदेले. मूळचे खेर, रत्नागिरीजवळच्या नेवऱ्याचे. बुंदेलखंडात पेशव्यांचा कारभार केला आणि बुंदेले झाले, पानिपतच्या मोहिमेत १७६० मध्ये मारले गेले. म्हणजे कोकणस्थ खेर आणि नाव वाचून वाटतं कोणी राजपूत असावेत.

आणि हुद्द्याचं नाव चिकटलं की गाव आणि मूळ आडनाव दोन्ही गडप. नाना फडणवीस हे भानू, गाव वेळास. हे सगळे नीस म्हणजे चिटणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस, कारखानीस, हे फारसी 'नवीस'चं मराठी रूप, लिहिणारा. एकाच कुळाचे तीन भाऊ तीन दफ्तरांत लागले की दोन पिढ्यांत तीन आडनावं. (आमच्याकडे हेच झालंय, एका लग्नात चुलत घराण्यालाच स्थळ म्हणून पत्रिका गेली होती, गोत्र विचारल्यावर उजेड पडला.)

माळव्यातला_मन्या

@दफ्तरदार सोडल्यावर लागतं हे डोक्यात आलंच नव्हतं राव, इतकं साधं असून. फोटो टाकलाय. वरचा डावा कोपरा उंदराने खाल्लाय.

तंजावरची_सून

अवांतर होईल पण सांगते. माझ्या सासरी तंजावरला मराठी लोकांनी आडनाव टाकूनच दिलं. एकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात गेलेली ही घराणी, घरात अजून मराठी बोलतात (तुम्हाला निम्मी कळणार नाही), पण नावापुढे नुसतं राव. दिवाण सर टी. माधवराव तिथलेच, त्रावणकोर, इंदूर, बडोदा तिन्हीकडे दिवाण होते, त्यांच्या नावातला तो 'टी' म्हणजे तंजावर. आडनाव काय होतं हे घराघरांत फक्त लग्न जुळवताना आठवतं, सासूबाईंनी मला एकदाच सांगितलं तेही कानात.

शेवटचा_डबा

मन्या, तुमच्या नांदगावांपैकी नाशिकवालं मुंबई-भुसावळ मेन लाइनवर आहे, मनमाड सोडलं की पुढे चाळीसगावच्या आधी लागतं. मला ते फक्त तेवढ्यासाठीच माहीत, पण नोंद असू द्या. इंदूरला जायचा जुना आग्रा रस्ता चांदवड-मालेगावावरून जातो आणि चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. माझे पैसे नाशिकवर.

दूरच्या_डोंगरावर

आमच्या भागात (कोल्हापूरकडे) हा प्रश्न पडतच नाही कारण हेळवी येतो. म्हणजे यायचा म्हणू आता. लहानपणी सुगी झाली की बैलावर बसून यायचा, बैलाच्या गळ्यात घंटा, दारात आला की आजोबा ओसरीवर घोंगडं टाकायचे आणि तो वही काढून वाचायला लागायचा, अमक्याचा अमका, त्याला दोन बायका, थोरलीचा वंश अमक्या गावी, धाकटीचा अमक्या गावी, असं सात-आठ पिढ्या एका दमात. मग नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घ्यायचा आणि पायलीभर जोंधळे घेऊन पुढच्या घरी. माझं नाव त्याने माझ्यासमोर लिहिलं, शाईचा टाक होता. बहिणीचं लिहिलं नाही. ती अजून त्यावरून भांडते.

तुमच्या खानदेश-माळव्यात भाट असतील तसे, विचारून बघा.

किहीमचा_वारा

'कर' हे काही एका जातीधर्माचं नाही हेही सांगतो. आमच्या अलिबागेकडचे बेने इस्राएल घ्या, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हणत. त्यांची आडनावं किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, झिराडकर, सगळी आमच्या आसपासची गावं. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ चं, ते बांधणारेही दिवेकरच. १९४८ नंतर बरेचसे इस्राएलला गेले, आणि तिकडे आज दारावर हिब्रूत पेणकर लिहिलेलं असतं. पेण कुठे आणि काय.

खेडूत_नं_१

+१. आणि बाबासाहेब. कुळाचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालं, तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. सांगायचं हे की आपल्यापैकी कितीतरी जणांची आडनावं शाळेच्या रजिस्टरात पक्की झाली. त्याआधी घरात दोन-दोन तीन-तीन नावं सैल फिरत असायची, जिथे जे उपयोगी ते सांगायचं. मास्तरने किंवा तलाठ्याने एक लिहिलं आणि बाकीची वारली.

जाता जाता, वर वेळासचा उल्लेख आलाय, ते पण मंडणगड तालुक्यातच. एकाच तालुक्यात फडणवीस झालेले भानू आणि आंबेडकर झालेले सकपाळ.

दफ्तरदार

कागद वाचला. बसून घ्या.

सनद नाही. कर्जरोखा आहे. 'खत लिहून दिल्हे ऐसे जे' अशी स्वच्छ सुरुवात आहे, आपणांपासून कर्ज घेतले रुपये ४०, व्याज दरमाहे दर सदे दीड रुपया, म्हणजे शेकडा दीड. कारण घोडी मेली म्हणून नवी घ्यायला. तुमचे पूर्वज घोडदळात चाकरीला होते आणि घोडं स्वतःचं, म्हणजे शिलेदार. घोडी गेली की चाकरी गेली, म्हणून घाई. दसऱ्याला हळदकुंकू वाहताय त्यात तसं चुकीचं काही नाही, घोड्याचाच सण आहे तो. खाली फिटल्याची खूण दिसत नाही, पण मूळ कागद तुमच्याकडेच आहे म्हणजे फिटलं असणार, फेडल्याशिवाय सावकार खत परत देत नाही.

आता मुद्द्याचं. नावाच्या ओळीवर मी चार दिवस अडकलो होतो. मोडीत शब्द तोडत नाहीत, ह्रस्वदीर्घ पाळत नाहीत, वरची रेघ आधीच मारून ठेवलेली आणि त्याला अक्षरं लोंबत जातात, त्यात तुमच्या उंदराने साल आणि गावाचा मजकूर बरोब्बर खाल्लाय. पण नावानंतर जे आहे ते 'चवाण नांदगांवकर'. चवाण म्हणजे चव्हाण, जुन्या कागदांत असंच लिहितात.

म्हणजे तुम्ही चव्हाण. घोडदळात चव्हाण दहा असतील, त्यातला कुठला तर नांदगावचा. हजेरी घेणाऱ्या कारकुनाच्या सोयीसाठी लागलेलं नाव आहे तुमचं.

चिंचपोकळी

चव्हाण म्हणजे थेट चौहान!! पृथ्वीराज चौहान, अजमेर! मन्याशेठ अभिनंदन, मूळ गाव सापडलं.

दफ्तरदार

@चिंचपोकळी गेल्या आठवड्यात तुम्ही मुरूडला होता. नावं सारखी वाटली की कूळ एक होत नाही. चव्हाण आडनाव मराठ्यांत आहे, बंजारा समाजात आहे, आणखी कितीतरी ठिकाणी आहे, सगळे काही एका माणसाची लेकरं नाहीत. हातात चाळीस रुपयांचा कागद आहे तर त्यावर बोलू.

माळव्यातला_मन्या

रात्री वडिलांना फोन करून वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले 'शेकडा दीड म्हणजे जरा जास्तच लावलं.' :)

आई मात्र नाराज आहे, तिने माहेरी सगळ्यांना सनद म्हणून सांगितलंय तीस वर्षं.

नाशिकची_धारा

बाणाईचं कोणी बोललंच नाही अजून! चंदनपुरी मालेगाव तालुक्यात आहे, बाणाईचं गाव, पौषात यात्रा भरते. मालेगाव आणि नांदगाव तालुके एकमेकांना चिकटून आहेत. बाणाईचा नैवेद्य वेगळा काढणारं घर हे त्या बाजूचं असू शकतं. आत्याबाईंना विचारा नैवेद्यात नक्की काय असतं.

खेडूत_नं_१

चंदनपुरी महाराष्ट्रभर जागरणात गातात ताई, वाघ्या-मुरळी कुठलेही असोत बाणाई आणि चंदनपुरी येणारच. तेवढ्यावरून तालुका ठरवायचा म्हणजे विठ्ठलाची आरती म्हणतो म्हणून पंढरपूरचा. कुलदैवतावरून गाव काढणं तसंही फसवं आहे, कोकणस्थांची योगेश्वरी बघा, अंबाजोगाईला आहे, कोकणात नाही.

नाशिकची_धारा

गाणं वेगळं आणि घरातला कुळाचार वेगळा. गाणं ऐकून कोणी रोजच्या नैवेद्यात ताट वाढवत नाही. असो, वाद नको. @मन्या, नाशिकला या आणि तीर्थोपाध्यायांकडे बघा. त्यांच्या नामावळीच्या चोपड्या असतात, आलेला यजमान स्वतःच्या हाताने लेख लिहून जायचा, कोण, कुठला, बरोबर कोण. तुमचे पूर्वज कधीतरी गोदेवर आले असतील तर सापडेल. फक्त एकच, उपाध्ये आधी विचारतात गाव कुठलं, कारण चोपड्या गाव-आडनावाप्रमाणे वाटलेल्या असतात.

माळव्यातला_मन्या

म्हणजे गाव शोधायला गाव माहीत पाहिजे. वा.

नाशिकची_धारा

नांदगावकर म्हणून नका विचारू. चव्हाण, वस्ती इंदूर म्हणून विचारा.

अवलिया७

डीएनए टेस्ट करून टाका ना एकदाची, कशाला चोपड्या.

बाळबोध

डीएनएत तालुका येत नाही हो.

शेवटचा_डबा

त्या कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी रेकॉर्ड स्कॅन झालीत, कोतवाल बुकं म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूच्या नोंदी, बरीच मोडीत. बऱ्याच जिल्ह्यांच्या सरकारी साइटवर टाकलीत. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, वंशावळ शोधणाऱ्याची चंगळ आहे. पण मन्याचे लोक त्याच्या आधीच निघून गेलेले दिसतात, त्यामुळे उपयोग कमी. (इथे कृपया राजकारण सुरू करू नये, धाग्याचं काश्मीर होईल.)

माळव्यातला_मन्या

उशिरा लिहितोय, दोन महिने झाले. जाऊन आलो.

पहिल्या उपाध्यांकडे काही नाही, त्यांनीच दुसऱ्यांकडे पाठवलं, दुसऱ्यांकडे गर्दी, तिसऱ्या घरी एक आजोबा लाकडी पेटीवर उशी टाकून त्यावरच बसले होते. चव्हाण, वस्ती इंदूर म्हटल्यावर उठले, उशी बाजूला केली आणि पेटी उघडली. लांबट चोपड्या, लाल कापडात बांधलेल्या, कापूर आणि ओल यांचा मिळून एक वास. त्यांनी पानं उलटली नाहीत, बोटाने कडेवरून नुसती मोजल्यासारखी केली आणि एके ठिकाणी थांबले. माझा यावर आधी विश्वास बसला नव्हता, पण समोर बघितलंय.

शके १७९१. पणजोबांच्या वडिलांचा लेख, त्यांच्याच हातचा, मोडीत पण मोठ्या अक्षरात, शिकाऊ हात वाटतो (आजोबांनी वाचून दाखवला, मी फोटोही काढलाय, नावं इथे देत नाही). उपनाम चव्हाण, हल्ली वस्ती इंदूर, मूळ नांदगांव नजीक मनमाड. बरोबर आई आणि एक धाकटा भाऊ. भावाच्या नावापुढे दुसऱ्या शाईत नंतर लिहिलंय, मृत. या भावाबद्दल आमच्या घरात कोणालाही काही माहीत नव्हतं, वडिलांना नाही, आत्याला नाही. वडील चोपडीच्या फोटोतलं ते एक अक्षर मोठं करकरून बघत बसतात.

शेवटचा_डबा

मनमाड!! पैसे टाका माझे. शके १७९१ म्हणजे १८६९, इंदुरास तेव्हा रेल्वे नव्हती, म्हाताऱ्या आईला घेऊन निदान पहिला टप्पा तरी बैलगाडीनेच आले असणार.

दफ्तरदार

उत्तम. आणि बघा, स्वतःच्या हाताने लिहिताना त्यांनी उपनाम चव्हाणच लिहिलंय, नांदगावकर नाही. १८६९ ला घरातल्यांच्या लेखी ते चव्हाणच होते, नांदगावकर बाहेरच्यांसाठी. पुढे कुठल्या तरी शाळेत नाहीतर नोकरीत बाहेरचं नाव आत आलं.

चिंचपोकळी

मग आजोबांचं कोकण कुठून आलं? एवढं तरी सांगा, मी मुरूडवर बरंच काही लावलं होतं.

माळव्यातला_मन्या

आत्याचा अंदाज आहे की आजोबांची आई रोह्याकडची होती, त्यांना लहानपणी तिनेच वाढवलं, तिच्याकडच्या गोष्टी ऐकून त्यांनी गाव तिचं धरलं. म्हणजे अर्धं खरं होतं म्हणा. त्या रोह्याच्या बाईने चव्हाणांच्या घरात राहून आयुष्यभर मासे खाल्ले नसतील याचं आता वाईट वाटतंय.

@धाराताई, नैवेद्याचं आत्याला विचारलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि मेंढीच्या दुधाऐवजी आता अमूल. बाणाई धनगराची लेक म्हणून.

नाशिकची_धारा

@खेडूत_नं_१ :)

खेडूत_नं_१

भरीत-भाकरी जेजुरीलाही असते. पण बरं, नजीक मनमाड लिहिलंय त्याला माझा नाइलाज.

दूरच्या_डोंगरावर

तुम्ही स्वतःचा लेख लिहिलात की नाही चोपडीत?

माळव्यातला_मन्या

लिहिला ना. पेटीवाल्या आजोबांनी बॉलपेन दिला आणि म्हणाले मुलींची नावंही लिहा, आता लिहितात (दूरच्या_डोंगरावर, बहिणीला सांगा). दोघींची लिहिली. मूळ गाव नांदगाव नजीक मनमाड, हे झोकात लिहिलं. पुढे 'हल्ली वस्ती' आलं आणि तिथे मी सवयीने इंदूर लिहिलं. बायको शेजारून म्हणाली अहो अकरा वर्षं पुण्यात भाडं भरतोय आपण, फ्लॅटही तिथेच बुक केलाय. मग इंदूर खोडून पुणे लिहिलं, खाडाखोड दिसते आहे, कोणी शंभर वर्षांनी वाचलं तर डोकं खाजवेल.

धाकटी म्हणाली बाबा पण सोसायटीत तर आपल्याला सगळे इंदूरकरच म्हणतात. वॉचमनच्या रजिस्टरात पण तेच आहे, सी विंग, ७०२, इंदूरकर.